गहाण ठेवलेला आवाज

मी न्हावी आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याशी माझा वस्तरा असतो, त्यामुळे तो गप्प बसतो आणि बोलायचं काम माझ्या वाट्याला येतं. ते मी कधी टाळलेलं नाही. हवापाणी, निवडणुका, समोरच्या इमारतीची गळकी टाकी, सगळ्यांवर माझं मत तयार असतं. गिऱ्हाईक नसलं की मी रेडिओशी भांडतो. रोज दाढीला येणारे निवृत्त मास्तर म्हणतात, "जन्मभर मी वर्गात बोललो, त्याची परतफेड देवाने तुझ्या खुर्चीत ठेवली होती."

दुकानाच्या मागे आमची राहायची खोली. मध्ये भिंत नाही, पातळ लाकडी पार्टिशन आहे. दुकानाच्या अंगाला त्यावर मोठा आरसा आणि आरशाखाली बाटल्यांची फळी. खोलीच्या अंगाला बरोबर त्याच जागी, पार्टिशनला पाठ लावून ठेवलेलं एक स्टूल. रोज सकाळी फळीवरच्या बाटल्या किणकिणायच्या. स्क्रू सैल असेल म्हणून मी तो पुन्हापुन्हा पिळला, फळीखाली पुठ्ठ्याची घडी कोंबली, सुताराच्या नावाने बोटं मोडली. ढिम्म फरक पडला नाही.

ते स्टूल मुंगीचं. मुंगी म्हणजे आमची मुलगी. खरं नाव छान आहे, पण कपाटामागे, गादीच्या गुंडाळीत, दिसेल त्या फटीत शिरून बसायची तिला सवय, म्हणून मी मुंगी म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. सात वर्षांची झाली तरी ती एकही शब्द बोललेली नव्हती. डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं. मी दोन दिवस दुकान बंद ठेवलं, तिसऱ्या दिवशी उघडलं आणि नेहमीपेक्षा जास्त बोलायला लागलो. बायको प्रार्थनाघरात जायला लागली.

देवाशी माझं भांडण नाही, पण येणंजाणंही नाही. बायकोचं तसं नव्हतं. घरातून निघताना तिचे खांदे कानापर्यंत चढलेले असायचे आणि प्रार्थनाघरातून परत येताना ते जागेवर असायचे. डोळ्यांना दिसणारा फरक होता तो. म्हणून मी कधी आडवा आलो नाही. कुणाला चहा लागतो, कुणाला देव लागतो, मला रेडिओ लागतो, असं म्हणून मोकळा व्हायचो.

मुंगीचा दिवस बायकोच्या आवाजाने सुरू व्हायचा. स्टुलावर बसवून ती जे काही करेल ते सांगत जायची. "आता मोजा घालायचा." मग मोजा. "हा डावा पाय." मग डावा पाय. "आता केस विंचरायचे." आवाज सपाट, लाडीगोडी अजिबात नाही. मुंगी मागेपुढे डुलत असायची, नजर खिडकीच्या कोपऱ्यात. ऐकतेय की नाही, काही कळायचं नाही. पण त्या आवाजावर ती कपडे घालून घ्यायची, जेवायची, बूट घालून आईबरोबर अशा मुलांच्या सेंटरला जायची. तो आवाज नसला तर मोज्याच्या शिवणीवरूनसुद्धा घर डोक्यावर घ्यायची.

अशात एका संध्याकाळी मी दुकानातले केस झाडत होतो तेव्हा बायको पार्टिशनच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, उद्यापासून महिनाभर मी बोलणार नाही."

"माझी कटकट झाली असेल तर तसं सांग ना."

"चेष्टा नको. देवाला शब्द दिलाय. माझा आवाज मी त्याच्याकडे गहाण ठेवतेय. त्याने तिला द्यावा."

मी झाडू भिंतीला टेकवला. "त्याच्याकडे आवाजांचा तुटवडा आहे का? तुझाच कशाला हवा?"

"मग दुसरं काय देऊ? डॉक्टर म्हणतात धीर धरा. सेंटरमधल्या ताई म्हणतात धीर धरा. मी सात वर्षं तेच धरून बसलेय. माझ्याकडे द्यायला एवढंच आहे."

"आणि सकाळी मुंगीला कोण सांगणार, डावा पाय, उजवा पाय?"

"तुम्ही आहात की," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे बोलायचा कंटाळा आहे?"

दुसऱ्या दिवशी तिने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

पहिल्याच सकाळी मी सांगायला गेलो तर मुंगीने दोन्ही कान दाबून धरले, म्हणून बायकोने मला हाताने बाहेर काढलं आणि मुक्यानेच तिला तयार केलं. मी वाद घातला नाही. चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल, असं मला वाटलं होतं. चौथ्या दिवशी मुंगीने आईच्या तोंडावर हात ठेवला. आधी नुसता ठेवला, मग बोटं ओठांत घालून ओठ उघडायला लागली. जी मुलगी आपणहून कुणाला शिवत नाही, ती. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि दात घट्ट मिटलेले होते. तिने आनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि बोट वर केलं. तिला म्हणायचं होतं, बघा, सुरू झालं. मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. पोर भुकेल्यासारखी काहीतरी मागतेय आणि ही बाई ते मुठीत दाबून बसलीय, एवढंच मला दिसलं.

त्यानंतर सगळं बिघडत गेलं. मुंगी जेवेना. अंगात कपडे घालू देईना. मनगटाला चावून चावून तिथे वळ उठले. मी सेंटरमधल्या ताईंना फोन लावला आणि फोन बायकोच्या कानाला धरला. ताईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आईचं बोलणं बंद करू नका हो. तिला दिवस कळतो तोच त्या आवाजाने." बायकोने शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. नाही. मग मुंगीच्या मनगटाला मलम लावत बसली. तिला कळत नव्हतं असं नाही. तिला सगळं कळत होतं. अर्ध्यात सोडलं तर दिलेलं सगळं फुकट जाईल आणि मुलगी जन्मभर मुकी राहील, अशी भीती तिच्या मनात जाऊन बसली होती. त्या भीतीपुढे माझं काय चालणार?

एक गोष्ट मात्र बरी झाली असं मला त्या दिवसांत वाटलं होतं. बाटल्यांची किणकिण थांबली होती. पुठ्ठ्याची घडी अखेर नीट बसली म्हणून मी मास्तरांना ती दाखवलीसुद्धा.

शेवटी मी प्रार्थनाघरात गेलो. गेलो म्हणजे भांडायलाच गेलो. तिथल्या थोरल्या बाई म्हणजे वयस्कर, ठेंगण्या, प्रार्थना सांगायचं काम त्यांच्याकडे. त्या एका बाकाची धूळ पुसत होत्या. माझं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी फडकं हातातून खाली ठेवलं नाही.

"मी सांगितलं नव्हतं तिला," त्या म्हणाल्या. "तिने विचारलंही नाही. विचारलं असतं तर नको म्हटलं असतं."

"मग आता सांगा. तुमचं ऐकेल ती."

"घरी येऊन सांगितलं हो. गेल्याच आठवड्यात. देवाला तुझा आवाज नको आहे म्हटलं. तिने माझे हात धरले आणि मान हलवली." त्यांनी फडकं झटकलं. "तुम्हाला वाटतंय आम्ही इथे तिच्या डोक्यात भरवलं. अहो, लोक इथे येतात तेच भरलेलं डोकं घेऊन. तिला काहीतरी स्वतःच्या हाताने करायचंय. मुलीसाठी काहीच करता येत नाही, हे तिला सहन होत नाही. तुम्हाला होतं?"

भांडायला गेलेला माणूस न भांडताच परत आला, हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

मग मी ठरवलं की हे आपणच हातात घ्यायचं. बायको सकाळी प्रार्थनाघरात गेली की अर्धा तास मुंगी माझ्याकडे असायची. बायकोचे शब्द मला तोंडपाठ होते, इतकी वर्षं पार्टिशनमधून कानावर पडत आलेले. तेच शब्द, त्याच क्रमाने म्हटले तर पोर ओळखेल, असा माझा हिशेब. दुकानाचं दार लोटलं, मुंगीला स्टुलावर बसवलं, हातात मोजा घेतला आणि सुरुवात केली.

"आता मोजा घालायचा, हा डावा पाय, शाब्बास, अशी माझी मुंगी, आता उजवा, हा बघ उजवा, आता केस विंचरायचे, किती छान केस, आता बूट, बूट कुठे गेले, हे बघ बूट..."

पहिली काही वाक्यं ती ऐकत होती. डुलायची थांबली, मान माझ्याकडे कलती झाली. मला वाटलं, जमलं. मग तिचा चेहरा बदलायला लागला. ती तोंड उघडून, मान ताणून काहीतरी शोधत असल्यासारखी दिसायला लागली, आणि मी घाबरून जास्तच बोलायला लागलो. बोलत गेलो, बोलत गेलो. तिने अशी किंकाळी फोडली की माझ्या हातातला बूट पडला. मी वाकलो तेवढ्यात ती मागच्या दाराने बाहेर गेली होती.

मागची गल्ली अरुंद आहे. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याचं गोदाम. मी आधी रस्त्याकडे धावलो, कारण माझ्या डोळ्यांसमोर गाड्या आल्या. तिथे फुलं विकणाऱ्या बाईने सांगितलं की इकडे कुणी आलं नाही. उलटा पळालो. गोदामाच्या फाटकात, चिखलात, मोजा पडला होता. डाव्या पायाचा.

गोदामात दिवसभर गाड्या रिकामे खोके आणून ओततात. घराएवढा ढीग असतो. तिथून एक पट्टा खोके वर नेतो आणि लोखंडी हौदात टाकतो. हौद भरला की वरून दाब येतो आणि खोक्यांचा गठ्ठा होतो. त्या मशीनचा घरघराट मी दुकानात बसून रोज ऐकतो आणि रोज त्याला नावं ठेवतो. त्या दिवशी ती घरघर ऐकून मी सरळ आत घुसलो.

"बंद कर!" मी ओरडलो. "मशीन बंद कर! पोर आहे आत!"

मशीनवरच्या माणसाने बटण दाबलं. पट्टा थांबला. तो खाली उडी मारून आला, तरणा गडी, माझ्याकडेच केस कापायला येतो. मी त्याला मोजा दाखवला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

"कधी आली?"

"आत्ता. थोड्या वेळापूर्वी. तू कधी दाबलंस शेवटचं?"

मी त्याची कॉलर धरली.

"मघाशी," तो म्हणाला. "एकदा दाबलं. पण मी खोके बघून टाकतो. बघतो मी. नसेल ती त्यात." हे तो मला सांगत होता की स्वतःला, कळत नव्हतं. आम्ही दोघेही त्या हौदाकडे बघत नव्हतो.

मी ढिगाकडे वळलो आणि खोके उपसायला लागलो. त्याने मागून मला धरलं. "असं नको! खालून काढलं की वरचं सगळं कोसळतं. मागच्या वर्षी एका गड्याचा पाय मोडलाय. आत पोर असली तर तिच्यावरच येईल."

"मग करू काय?"

"हाक मारा. ओ देईल."

ओ देईल. मी हाक मारली. "मुंगे!" माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. आता तर ती आणखी आत शिरली असेल, एवढं मला कळत होतं. तरी मी हाका मारत राहिलो, कारण गप्प राहिलो असतो तर मला हौदाकडे बघावं लागलं असतं.

बायको फाटकातून धावत आली. फुलवालीने तिला सांगितलं असणार. तिने माझ्या हातातला मोजा पाहिला, ढीग पाहिला, बंद पडलेला पट्टा पाहिला. तिला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"बोल," मी म्हटलं. "तुझ्या आवाजावर येईल ती. बोल लवकर."

तिचा हात गळ्याशी गेला. ओठ एकमेकांवर इतके दाबलेले होते की पांढरे पडले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती वर, पत्र्याच्या छपराकडे बघत होती, आणि मला स्पष्ट दिसत होतं की ती कुणालातरी विचारतेय. परवानगी मागतेय. तिथे उभी राहून. हौद समोर असताना.

माझा तोल सुटला. "कुणाला विचारतेस? अगं, पोर आत आहे! त्याला मुलगीच न्यायची असेल तर आवाज कशाला देईल तो? कुणाच्या गळ्यात घालणार आहेस तो आवाज?"

मशीनवाल्याने मान खाली घातली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. हातातली शेवटची वस्तू टाकून द्यायच्या आधी माणूस बघतं तसं ती बघत होती. मग ती ढिगाजवळ गेली आणि गुडघ्यांवर बसली.

"आता..." आवाज फुटेना. तीन आठवडे न वापरलेला. "आता मोजा घालायचा."

गोदामात कुठेतरी नळ ठिबकत होता.

"हा डावा पाय," बायको म्हणाली आणि थांबली.

ढिगातून आवाज आला. धप्प. पोकळ, छोटा.

मशीनवाल्याने हात वर केला. "पुन्हा बोला."

"आता उजवा पाय."

धप्प.

"उजव्या कोपऱ्यात," तो कुजबुजला. "खाली. हौदात नाही हो, इकडे आहे, ढिगात आहे!" आणि तो हसायला आणि रडायला एकदमच लागला. आम्ही दोघांनी वरून एकेक खोका उचलायला सुरुवात केली. बायको बोलत राहिली. मोजा, बूट, केस. दर वाक्यानंतर आतून धप्प. शेवटी फ्रिजचा एक लांबट खोका दिसला, आडवा पडलेला, आणि त्यात गुडघे हनुवटीला लावून मुंगी. अंगावर ओरखडाही नाही. नजर पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात.

घरी येईपर्यंत बायको तिला सांगत होती. आता गल्ली. आता पायरी. आता दार. मुंगीने दुपारी पोटभर खाल्लं आणि झोपली. माझ्या जिवात जीव आला. मशीनवाल्याला मी मिठी मारून आलो होतो, त्याला जन्मभर कटिंग फुकट असं जाहीर करून आलो होतो. खोलीत येऊन बघतो तर बायको जमिनीवर बसलेली, पाठ पलंगाला, आणि हात तोंडावर.

"अगं, मिळाली ना ती."

"मिळाली," ती म्हणाली. "आणि मी तिचं बोलणं घालवलं."

मी शेजारी बसलो. माझ्याकडे या प्रकारच्या प्रसंगासाठी बरीच वाक्यं तयार असतात. देव असा नसतो, असला तर कसला देव, वगैरे. गोदामात त्यातलं एक मी बोलून बसलो होतो. तिच्याकडे बघून दुसरं बोलवेना. तिने खरंच काहीतरी गमावलं होतं. माझ्या लेखी ते नव्हतंच, पण तिच्या लेखी ते होतं आणि ते तिने डोळ्यांदेखत टाकून दिलं होतं, पोरीला वाचवण्यासाठी. तिला आता त्याच देवापुढे जाऊन उभं राहायचं होतं. उद्या तिचे खांदे कुठे खाली येणार होते?

"किती राहिलं होतं?" मी विचारलं.

"आठवडा."

"तू देवाला नेमकं काय म्हणाली होतीस? माझा आवाज, की आमच्या घरातला आवाज?"

तिने डोळे पुसले. "का?"

"घरातला असेल तर माझाही चालेल. आणि वजनाने बघायचं तर तुझ्या महिन्याला माझा एक आठवडा भारी पडेल."

"तुमचा विश्वास नाही."

"नाही. विश्वास तुझा, तोंड माझं. भागीदारी समज."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही?" ती म्हणाली. "गप्प?" आणि तिला हसू आलं, त्या सगळ्या रडण्यातून, नाकातून आवाज काढत. तेव्हाच मी तोंड मिटलं, म्हणजे विचार बदलायला सवड राहणार नाही.

पहिला दिवस, म्हणजे त्या दुपारनंतरचा, कसा गेला ते विचारू नका. बायकोने मास्तरांना कारण सांगितलं आणि मास्तरांनी ते दुकानातल्या प्रत्येकाला, खास वर्गातल्या आवाजात. एक गिऱ्हाईक डॉक्टर बोलवू का म्हणाला. रेडिओ मी स्वतःच बंद केला, कारण बातम्या ऐकून गप्प बसणं माझ्या ताकदीबाहेरचं होतं. मला उत्तर देता येत नाही म्हणून लोकही बोलायचे थांबले. कात्रीचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खुर्चीत होते. अर्ध्या तोंडाला फेस लावून झाला होता. पलीकडून बायकोचा आवाज आला, तोच सपाट.

"आता मोजा घालायचा."

किण्.

बाटल्या पुन्हा सुरू झाल्या. मी वैतागून फळीकडे पाहिलं. शिवी देता येत नव्हती, म्हणून नुसतंच पाहिलं.

"हा डावा पाय."

किण्.

"आता उजवा."

किण्.

माझा ब्रश मास्तरांच्या गालावर थांबला. बायकोने चौथं वाक्य बोलायला घेतलं आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती पलीकडे कुणाशी तरी बोलायला लागली, सेंटरची वेळ, येतो आम्ही, असं काही. त्या सगळ्या बोलण्यात बाटल्या गप्प होत्या. फोन ठेवला. शांतता. बायको कंगवा शोधत असावी. किण्. पुन्हा किण्. लगेच आणखी एक, जोरात. मग बायको म्हणाली, "आता केस विंचरायचे," आणि त्यानंतर एकच, हलका.

"काय रे, काय झालं?" मास्तर आरशातून मला विचारत होते.

मी ब्रश हातात धरूनच पार्टिशनच्या दारातून आत गेलो. मुंगी स्टुलावर डुलत होती, नजर खिडकीत. स्टूल करकरत होतं. बायको समोर बसून केसांतली गुंतागुंत सोडवत होती, सगळं लक्ष कंगव्यावर. मुंगीची टाच स्टुलाच्या मागे, पार्टिशनला टेकलेली होती. बायको बसली होती तिथून ती दिसणं शक्य नव्हतं. आणि ऐकू कशी येणार? रोज या वेळी पलीकडे रेडिओ असायचा आणि रेडिओच्या वर मी.

बायकोचं वाक्य मला पाठ होतं. वाक्यानंतर ती जिथे थांबायची, ते थांबणं मी घेतलंच नव्हतं. त्या सकाळी मोजा हातात धरून मी धडाधड बोलत सुटलो होतो आणि ती पोर तोंड उघडून आपली पाळी कधी येते ते शोधत होती.

सगळं घशाशी आलं. बोलतेय ती, अगं, कधीपासून बोलतेय, तुझ्या प्रत्येक वाक्याला! जन्मात कधी मला एवढं बोलावंसं वाटलं नसेल. मी ब्रशसकट मूठ तोंडावर दाबली, फेस नाकात गेला. बायको घाबरून बघायला लागली. मी तिचा हात धरला, मुंगीच्या पाठीमागे नेला आणि तळवा पार्टिशनच्या फळीवर टेकवला. मग मान हलवली. बोल.

"काय हो? काय?" मी पुन्हा मान हलवली. तिने माझ्याकडे बघत, काहीच न कळून, सवयीने म्हटलं, "आता रिबन बांधायची."

फळी तिच्या तळव्याखाली थरथरली.

तिच्या भुवया वर गेल्या. मी मान हलवली. तिने या वेळी मुंगीच्या चेहऱ्याकडे बघत, हळू म्हटलं, "लाल रिबन."

धप्प.

बायकोने हात काढला नाही. तिचं तोंड उघडं राहिलं होतं आणि त्यातून पुढचं वाक्य येईना. मुंगी डुलायची थांबली. तिने थोडी वाट पाहिली. मग आपणहून टाच मारली, एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा, जोर लावून. पलीकडे एक बाटली खाली पडून फुटली आणि मास्तर ओरडले, "अहो, कुणीतरी बोला तिच्याशी!"

"हो," बायको म्हणाली. "हो गं. ऐकतेय मी."

मी भिंतीला टेकून, तोंड मिटून उभा होतो. माझे अजून पाच दिवस राहिले होते.